मुद्रा, अंगठी आणि अंगठा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळवला तेव्हा कार्यकर्ते मंडळी जरा गप्पच झाली. "सर, वर्धापनदिन आहे, काहीतरी धम्मावर बोला की," असे एकाने सांगितलेही. मी म्हटले, धम्मावरच बोलणार आहे, फक्त जरा वेगळ्या दाराने आत जाऊ. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात वर्गणीची पावती आहे. त्या पावतीवर सेक्रेटरींची सही आहे आणि सहीवर विहाराचा गोल शिक्का आहे. शिक्का नसता तर तुम्ही विचारले असते, "अहो, शिक्का कुठाय?" सहीपेक्षा शिक्क्यावर आपला जास्त भरवसा. हा भरवसा आला कुठून, हे आज पाहू.

आधी शब्द पाहू. संस्कृतात मुद्रा, पालीत मुद्दा. बोटात घालायची ती पालीत अंगुलिमुद्दिका, आणि आपल्या जुन्या मराठीत मुदी. आपल्या ताटात वाटीने दाबून भाताची मूद पाडतात, तो शब्दसुद्धा मला याच घरातला वाटतो. ठसा उमटवायचा आणि आकार द्यायचा, काम तेच. "शिक्कामोर्तब झालं" असे आपण सहज बोलतो. त्यात दोन गोष्टी आहेत बरं का. शिक्का पत्राच्या माथ्यावर आणि मोर्तब पत्राच्या शेवटी. मजकूर संपला तिथेच मोर्तब मारायचे, म्हणजे खाली कोणाला एक ओळ वाढवता येऊ नये. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर अशा दोन्ही मुद्रा दिसतात. वरची अष्टकोनी राजमुद्रा आणि शेवटची मर्यादा-मुद्रा. पुढच्या माणसाच्या लबाडीचा विचार आधीच करून ठेवलेला असतो, तो असा.

मुद्रा चालते कशी? दगडावर, हस्तिदंतावर किंवा धातूवर अक्षरे आणि चित्र उलटे कोरायचे, आरशात दिसते तसे. मग ओल्या मातीवर दाबले की सुलटे उमटते. प्राचीन काळी कुलूप सगळीकडे नव्हते. पेटीला, मडक्याच्या तोंडाला, दाराच्या कडीला दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मुद्रा दाबायची. माती वाळली की गाठ सोडणे म्हणजे ठसा मोडणे. चोराला माल नेता येतो, पण गुपचूप नेता येत नाही. ताडपत्रावरच्या पत्राचेही तसेच. आज उत्खननात असे मातीचे गोळे सापडतात तेव्हा संशोधक पुढची बाजू वाचतात आणि मागची बाजूही वाचतात. मागे दोरीचा वळ असतो, कापडाची वीण असते, बोरूची काडी असते. म्हणजे माल कशात बांधला होता तेही कळते.

गुजरातमध्ये लोथल येथे सिंधू संस्कृतीच्या वखारीत असे पासष्टएक ठसे मिळाले. वखारीला आग लागली, माल जळाला, पण मातीचे ठसे भाजून पक्के झाले आणि चार हजार वर्षे टिकले. जळाल्यामुळे टिकले! आपल्या महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी दैमाबादला (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) उत्तर-हडप्पा काळातल्या गुंडीच्या आकाराच्या मातीच्या मुद्रा निघाल्या आहेत. त्या मुद्रांची लिपी आजही कोणाला नक्की वाचता आलेली नाही, म्हणून तिकडे जास्त वेळ घालवत नाही.

आता अंगठी. मुद्रा जवळ बाळगायची तर सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आपले बोट. म्हणून मुद्रेची अंगठी झाली. रोमन लोक अकीक दगडावर मुद्रा कोरून घेत, कारण मेण त्याला चिकटत नाही. सम्राट ऑगस्टसने आपली मुद्रा दोन वेळा बदलली. आधी स्फिंक्स, मग सिकंदराचा चेहरा, शेवटी स्वतःचा. सत्ता स्थिरावली की मग माणसाला स्वतःचाच चेहरा आवडू लागतो! सिकंदराने मरताना आपली अंगठी सेनापती पर्डिकासच्या हातात दिली. अंगठी दिली म्हणजे हुकूम चालवायचा अधिकार दिला.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. राज्यात शिरायचे किंवा राज्याबाहेर पडायचे तर त्याच्याकडून एक माषक भरून मुद्रा घ्यायची. मुद्रेशिवाय सापडला तर बारा पण दंड. आजच्या भाषेत पासपोर्टच म्हणा.

पण भरवशाच्या गोष्टीनेच विश्वासघात होतो. विशाखदत्ताचे मुद्राराक्षस हे नाटक कॉलेजात संस्कृत घेतलेल्यांनी वाचले असेल. राक्षस नावाच्या अमात्याची अंगठी चाणक्याच्या हाती लागते. चाणक्य काय करतो? दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतो आणि त्यावर राक्षसाची खरी मुद्रा उठवतो. पत्र खोटे, मुद्रा खरी. आणि सगळा डाव तिथे फिरतो. हे लक्षात ठेवा, पुढे आपल्याच आजोबांच्या गोष्टीत हे पुन्हा येणार आहे.

अंगठीची दुसरी गोष्ट आपल्या जातकात आहे. कट्ठहारि जातक, सातवे. कट्ठहारि म्हणजे लाकडे वेचणारी, मोळीवाली बाई. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त बागेत फिरताना तिला भेटतो. तिला दिवस जातात. राजा तिला आपली अंगठी देतो आणि सांगतो, मुलगी झाली तर ही अंगठी विकून तिला वाढव, मुलगा झाला तर अंगठी आणि मुलगा घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे मुलीची किंमत अंगठीच्या सोन्याइतकी, आणि मुलाची किंमत अंगठीवरच्या नावाइतकी. हा फरक त्या काळचाच आहे असे म्हणून आपण सुटू नये.

मुलगा होतो. खेळताना पोरे त्याला बिनबापाचा म्हणतात. तो आईला विचारतो, माझा बाप कोण? आई त्याला घेऊन भर दरबारात जाते. अंगठी दाखवते. राजाला आपली अंगठी ओळखू येत नाही काय? येते. पण चारचौघांत लाज वाटते. तो म्हणतो, ही माझी अंगठी नाही. आता सांगा, मुद्रा खरी, अंगठी खरी, बाई खरी, खोटा कोण? ज्याची मुद्रा आहे तोच! मग ती मोळीवाली म्हणते, आता माझ्याकडे सत्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. ती सत्यक्रिया करते आणि मुलाला वर फेकते. मुलगा हवेत मांडी घालून बसतो आणि राजाला सांगतो, मी तुमचाच मुलगा. तेव्हा राजा हात पुढे करतो. तो मुलगा म्हणजे बोधिसत्त्व.

हवेत बसण्याचा भाग तुम्ही कसाही घ्या, मी त्यावर वाद घालत नाही. ही गोष्ट भगवंतांनी कधी सांगितली ते महत्त्वाचे आहे. कोसलचा राजा पसेनदि याची राणी वासभखत्तिया. ती शाक्य महानामाची मुलगी, पण दासीच्या पोटची, हे राजाला उशिरा कळले. त्याने राणीचा आणि तिच्या मुलाचा मान काढून घेतला. तेव्हा भगवंतांनी ही मोळीवालीची गोष्ट सांगून राजाला समजावले आणि त्या मायलेकरांचा मान परत मिळवून दिला. दुष्यंत-शकुंतलेच्या नाटकात अंगठी हरवते म्हणून राजाला ओळख पटत नाही. इथे अंगठी समोर असून राजा नाकारतो. मला विचाराल तर हे जातक आपल्या आयाबायांच्या अनुभवाला जास्त जवळचे आहे.

आता संघाकडे येऊ. पाली विनयात, चुल्लवग्गात, भिक्षूंना दागिन्यांची मनाई आहे आणि त्या यादीत अंगठीही आहे. मग विहाराचे कोठार, धान्य, चीवरे, ग्रंथ यांची राखण कशी करायची? उत्तरेकडच्या मूलसर्वास्तिवादी परंपरेचा विनय चिनी आणि तिबेटी भाषांतरांत टिकला आहे. त्यात याची सविस्तर चर्चा आहे. बोटात अंगठी नाही, पण मुद्रा ठेवायला परवानगी. ती सोन्या-चांदीची नको. पितळ, तांबे, कासे, हस्तिदंत किंवा शिंग यांची असावी. तिच्यावर शृंगाराची चित्रे नकोत. संघाच्या मुद्रेवर मधोमध धम्मचक्र, दोन बाजूंना दोन हरणे आणि खाली ज्याने विहार बांधून दिला त्याचे नाव. हरणे का, तर सारनाथचे मृगदाव, पहिले प्रवचन. आणि भिक्षूच्या स्वतःच्या मुद्रेवर काय? हाडांचा सापळा किंवा कवटी! स्वतःच्या वस्तूवर ठसा उठवताना दर वेळी समोर कवटी दिसली पाहिजे, म्हणजे ही वस्तू तरी किती दिवस माझी, हे ध्यानात राहील. अशी मुद्रा मी दुसऱ्या कोणत्या संस्थेच्या नियमात पाहिलेली नाही.

ही पुस्तकातली गोष्ट राहिली नाही. नालंदेच्या उत्खननात अशा शेकडो मातीच्या मुद्रा मिळाल्या. वर चक्र, दोन हरणे, खाली नालंदा महाविहाराच्या आर्य भिक्षुसंघाची, असा मजकूर. तिथेच आसपासच्या गावांच्या मुद्राही मिळाल्या, म्हणजे गावे विहाराशी पत्रव्यवहार करत होती. कुशिनगरला, जिथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, तिथली जागा पक्की करायलाही महापरिनिर्वाण महाविहाराच्या मुद्राच उपयोगी पडल्या. पिप्रहवा येथे १९७० च्या दशकात के. एम. श्रीवास्तव यांनी उत्खनन केले, तेव्हा कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव असलेले मातीचे ठसे मिळाले आणि हेच कपिलवस्तू, असे मत मांडले गेले. नेपाळ म्हणते, नाही, आमचे तिलौराकोट हेच कपिलवस्तू. तो वाद चालू आहे. पण वादात सगळ्यात जड पुरावा कुठला? तर बोटभर मातीचा गोळा.

आता आपल्या गावाची गंमत सांगतो. ओडिशात एक रत्नागिरी आहे. नाव अगदी आपलेच. जाजपूर जिल्ह्यातल्या एका टेकडीवर मोठे बौद्ध विहार गाडले गेले होते. १९५८ ते १९६१ या काळात देबला मित्रा या विदुषीने तिथे उत्खनन केले. बाईंनी पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकपदापर्यंत मजल मारली, हे आपल्या मुलींनी मुद्दाम ऐकावे. त्या टेकडीत तेराशेहून अधिक मातीचे ठसे निघाले आणि त्यांवर मजकूर काय होता? "श्री रत्नगिरि महाविहारीय आर्य भिक्षुसंघस्य." म्हणजे रत्नगिरी महाविहाराच्या आर्य भिक्षुसंघाचे. विहार पडले, भिक्षू गेले, ग्रंथ गेले, पण मातीवर दाबलेले नाव हजार वर्षांनी तसेच निघाले. त्या मुद्रेवर कोणा एका महास्थविराचे नाव नाही, हे पाहा. सगळ्या संघाचे नाव आहे. माल संघाचा, जबाबदारी संघाची, शिक्काही संघाचा.

मुंबईजवळ कान्हेरीला जाता ना तुम्ही सहलीला? तिथल्या लेण्यांत एकोणिसाव्या शतकात वेस्ट नावाच्या संशोधकाला मातीच्या वाळलेल्या मुद्रा मिळाल्या. काहींवर बुद्धाची मूर्ती, काहींवर ती प्रसिद्ध गाथा. अस्सजि स्थविरांनी सारिपुत्ताला सांगितलेली; सगळ्या गोष्टी कारणांतून होतात, तथागतांनी ते कारण सांगितले आणि त्याचा निरोधही सांगितला, अशा अर्थाची. या मुद्रा कोठाराला लावायच्या नव्हत्या. येणारा उपासक त्या विहारात अर्पण करी. म्हणजे मालाला लावायचा शिक्का शेवटी विचाराला लावला! कारणाशिवाय काही होत नाही, हे वाक्य मातीवर छापून घरोघरी पोचवणारे लोक आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर होते. छापखाना म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत, एकोणतीस. म. न. देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि १९८६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. आधी बौद्ध, मग वज्रयान, नंतर दुसऱ्या पंथांची. तिथेच शिलाहार राजांचा ११३९ सालचा ताम्रपटही मिळाला. ताम्रपट म्हणजे काय, तर तांब्याचे पत्रे, साधारण तीन. कडेला भोक पाडून त्यांतून कडी ओवायची आणि कडीची दोन टोके मुद्रेत घट्ट बसवायची. एक पत्रा बदलायचा तर मुद्रा तोडावी लागणार. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. जमिनीचे दान, गावाचे दान, त्यावर राजाची मुद्रा. विदर्भात वाकाटकांची राणी प्रभावती गुप्ता मुलगा लहान असताना कारभार पाहत होती. तिच्या पुण्यात मिळालेल्या ताम्रपटाच्या मुद्रेवर युवराजाची आई म्हणून तिचा हुकूम आहे. दीड हजार वर्षांपूर्वी एका आईची मुद्रा!

पण भावांनो, हे सगळे ताम्रपट वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो. दान देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, लिहिणाऱ्याचे आहे. ती जमीन कसणाऱ्याचे कुठे आहे?

आपल्या गावात थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवले. राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा वारला. मंडाले सोडताना त्याची माणकाची अंगठी, ङा मौक नावाची, एका इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला गेली ती परत आलीच नाही. ती मुद्रेची अंगठी नव्हती, पण राजेपणाची खूण होती. राजाने तिच्यासाठी इथून किती तक्रारी केल्या! राज्य गेल्यावर अंगठी मागायची कोणाजवळ?

राजाची ही कथा. आपल्या माणसांची कथा वेगळी, त्यांच्याजवळ अंगठीच नव्हती. अंगठा होता. जुन्या मराठी कागदांत पाटलाच्या नावाखाली "निशाणी नांगर" असते, सुताराच्या नावापुढे त्याच्या हत्याराचे चित्र. ज्याचे जे अवजार ती त्याची मुद्रा. पुढे इंग्रजांनी बोटाचा ठसा आणला. बंगालमध्ये हुगळीकडे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला, तिथून ती वाट निघाली. खरे तर याहून पक्की मुद्रा जगात नाही. दोन माणसांच्या बोटांच्या रेषा सारख्या नसतात. निसर्गानेच कोरून दिलेली, चोरता न येणारी.

मग आपण फसलो कसे? माझ्या आजोबांनी खोताच्या कागदावर अंगठा दिला होता. अंगठा शंभर टक्के खरा. वरचा मजकूर आजोबांना वाचता येत नव्हता. वाचून दाखवला तो एक आणि लिहिला तो दुसरा. दोन खंडी भाताचा तुकडा होता, तो गेला. मुद्राराक्षसात पत्र खोटे, मुद्रा खरी होती, तेच आमच्या पडवीत घडले; फरक एवढाच की तिथे अमात्याची अंगठी चोरावी लागली, इथे आजोबांनी स्वतःच शाईत अंगठा बुडवला. आणि हे एकट्या माझ्या घरचे नाही. इथे मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोकणातल्या कुणबी, महार, सगळ्याच कुळांची हीच रड होती. धान्य घातले त्याची पावती नाही, कसतो त्याचा कागद नाही.

म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. खोताचा कागद म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १९३८ च्या जानेवारीत कोकणातला शेतकरी मुंबईत मोर्चाने गेला. कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. आणि "शिका" हा शब्द त्यांनी पहिला का ठेवला, याचे उत्तर मला त्या अंगठ्याच्या शाईत दिसते. अंगठा आपला होता, अक्षर आपले नव्हते.

१९४७ मध्ये राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. ध्वजावर अशोकाचे चक्र आले. २६ जानेवारी १९५० पासून सारनाथचा सिंहस्तंभ ही भारताची राजमुद्रा झाली. त्या सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर पाहा, धम्मचक्र आहे. नोटेवर, पासपोर्टवर, कोर्टाच्या कागदावर. नालंदेच्या भिक्षुसंघाच्या मुद्रेवर जे चक्र होते ते आज जमिनीच्या खटल्याच्या निकालावरही असते. ज्यांच्या आजोबांना कागद वाचता येत नव्हता, त्यांच्या नाती आज त्या मुद्रेखाली सही करतात. या वस्तीतल्याच दोघी-तिघी सरकारी नोकरीत आहेत, त्यांची नावे घेऊन त्यांना लाजवत नाही.

शेवटी एक विनंती करून थांबतो. आपल्या घरोघरी ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या पिशवीत असे कागद पडलेले आहेत. कुळाच्या पावत्या, कर्जरोखे, गावकीचे कागद, आजोबा-पणजोबांचे अंगठे असलेले. कोणी म्हणेल काय करायचेत ते, वाळवी लागलीय. टाकू नका. पावसाळ्याच्या आधी उन्हात घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कापडात बांधा, दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये कागद कुजतो. आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला तो कागद मोठ्याने वाचायला सांगा. मोडी असेल तर मोडी वाचणारा शोधू, आपल्या रत्नागिरीत तशी माणसे आहेत. पुढच्या वर्षावासात एक दिवस फक्त हे कागद वाचण्यासाठी ठेवावा असे मी समितीला सुचवले आहे. कोणाच्या पणजीचा अंगठा असेल तर तो आधी वाचू.

जयभीम! नमो बुद्धाय!